जामीन राहण्यापूर्वी

'जामीन' हा शब्द आपल्याकडे दोन कामांसाठी वापरतात. एखाद्याला पोलिसांनी धरले तर त्याला सोडवायला कोर्टात जामीन लागतो. तो एक. दुसरा जामीन कर्जाचा. माणूस बँकेत किंवा पतसंस्थेत कर्ज मागायला जातो. तिथले साहेब म्हणतात, "दोन जामीनदार आणा." मग तो माणूस आपल्या दारी येतो. या पाठात आम्ही या दुसऱ्या जामिनाविषयी लिहीत आहोत.

आपल्या मंडळीत हा प्रसंग पुष्कळदा रविवारी येतो. उपासना संपलेली असते. माणसे बाहेर चपला शोधत असतात. कोणी भाऊ हळूच बाजूला घेतो आणि म्हणतो, "एक काम होतं. तुम्हाला काही द्यायचं नाही. नुसती सही पाहिजे."

नुसती सही! कर्जाच्या कागदावर नुसती सही अशी वस्तूच नसते. ज्याला लिहितावाचता येत नव्हते तो अंगठा उठवी आणि पुढे म्हणे, "मला काय ठाऊक कागदात काय होतं?" आता आपण वाचायला शिकलो आहोत. आता तसे म्हणण्याची सोय राहिली नाही.

जामीनदार म्हणजे कोण? पुष्कळांना वाटते की जामीनदार म्हणजे साक्षीदार. म्हणजे 'हा माणूस चांगला आहे, मी याला ओळखतो' असे सांगणारा. ही समजूत साफ चूक आहे. साक्षीदार फक्त सांगतो. जामीनदार फेडतो. "याने पैसे भरले नाहीत तर मी भरीन" असे जो लिहून देतो तो जामीनदार.

भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. तो आजही चालू आहे. त्याच्या 128 व्या कलमाचा अर्थ असा की, करारात वेगळे काही लिहिले नसेल तर कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. अर्धी नाही, पाव नाही. मुद्दल, व्याज आणि कराराप्रमाणे होणारा खर्च, सगळे आले. आणखी एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. कर्ज देणाऱ्याने आधी कर्जदाराच्या मागे लागावे, त्याचे घरदार विकावे, आणि काही उरले तरच जामीनदाराकडे यावे, असा नियम नाही. तो थेट जामीनदाराकडे येऊ शकतो. आणि पुष्कळदा येतोच. कारण कर्जदार गाव सोडून गेलेला असतो, आणि जामीनदाराची नोकरी किंवा जमीन जागच्या जागी असते.

समजा, एका माणसाने 3,00,000 रुपये कर्ज काढले. व्याज दर साल शेकडा 14. पहिल्या वर्षी त्याने काहीच भरले नाही. एका वर्षाचे साधे व्याजच 42,000 रुपये झाले. जामीनदार दोन आहेत. तुम्ही म्हणाल, "मग माझ्याकडे निम्मेच येणार." तसे नाही. संस्था दोघांपैकी कोणाही एकाकडे सगळे मागू शकते. ज्याने सगळे भरले त्याने मागाहून दुसऱ्या जामीनदाराकडून त्याचा वाटा मागावा. कायदा तो हक्क देतो. कर्जदाराकडून सगळे परत मागण्याचाही हक्क देतो. पण ज्याच्याकडून संस्थेला काही मिळाले नाही त्याच्याकडून तुम्हाला काय मिळणार? हक्क कागदावर राहतो.

पतसंस्थेचे काम तर आणखी जलद होते. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा 1960 सालचा. त्याच्या 101 व्या कलमाप्रमाणे संस्थेला निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो. त्यासाठी दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षे दावा लढावा लागत नाही. आणि नोकरदार सभासदाने तसा करार लिहून दिलेला असला तर 49 व्या कलमाप्रमाणे त्याच्या पगारातूनच हप्ता कापला जातो.

पगारकपातीची अशी पत्रे आम्ही मुख्याध्यापक असताना आमच्या टेबलावर येत. एका शिपायाचे पत्र आम्हाला विसरता येत नाही. माणूस निर्व्यसनी. उपासनेला कधी न चुकणारा. त्याने एका नातलगाच्या लग्नकर्जाला सही दिली होती. नातलग दोन वर्षांत मुंबईला निघून गेला, आणि शिपायाच्या पगारातून कपात सुरू झाली. त्याने घरी काही सांगितले नव्हते. पगार कमी येऊ लागला तेव्हा बायकोला वाटले, धन्याने दारू धरली. ती आमच्याकडे रडत आली. कपातीचा कागद आम्ही तिला वाचून दाखवला. ती गप्प झाली. मग म्हणाली, "गुरुजी, दारू असती तर सोडवता आली असती." थोरल्या मुलीचे कॉलेज त्या वर्षी बंद पडले. ती दोन कुटुंबे एकाच मंडळीतली होती. पुढे नातलग परत आला तरी एकाने उजवीकडच्या बाकावर बसावे, दुसऱ्याने डावीकडच्या, आणि प्रभुभोजनाच्या दिवशी दोघांपैकी एकाने घरीच राहावे, असे चालले. प्रेमाखातर सही दिली होती. प्रेम तेवढे गेले.

आता कोणी विचारील, "आपण ख्रिस्ती ना? भाऊ अडचणीत असताना त्याला नाही कसे म्हणायचे? प्रभू येशू आपल्यासाठी जामीन झाला, मग आपण भावासाठी होऊ नये का?" हा प्रश्न खोटा नाही. त्याचे उत्तर दिले पाहिजे.

पौलाने इफिस येथल्या मंडळीला पत्र लिहिले. त्याच्या पाचव्या अध्यायात तो विश्वासणाऱ्यांना पाऊल जपून टाकायला सांगतो. शहाण्या माणसासारखे वागा, असे सांगतो. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला तो प्रीतीविषयी बोलला आहे. म्हणजे प्रीती आणि शहाणपण ही दोन वेगळ्या घरची माणसे नव्हेत. प्रभू येशूने शिष्यांना गावोगाव पाठवले तेव्हा कबुतरासारखे निरुपद्रवी राहायला सांगितले. पण त्याबरोबर सापासारखे चतुर राहायलाही सांगितले. आपली माणसे कबुतर तेवढे लक्षात ठेवतात!

जामिनाविषयी तर शास्त्रात अगदी उघड बोलणे आहे. नीतिसूत्रांचे पुस्तक काढा. सहावा अध्याय, अकरावा, सतरावा, बाविसावा, सगळीकडे हाच इशारा आहे. बाविसाव्या अध्यायात विचारले आहे की, फेडायला जवळ काही नसेल तर अंगाखालचे अंथरूण जाण्याची पाळी का आणावी? हे लिहिणाऱ्याने जप्ती पाहिली असली पाहिजे, असे आम्हाला नेहमी वाटते.

पण त्याच शास्त्रात चांगले जामीनदारही आहेत. उत्पत्तीच्या पुस्तकातली गोष्ट आपल्याला माहीत आहे. दुष्काळ पडला. याकोबाच्या मुलांना धान्यासाठी पुन्हा मिसर देशात जायचे होते. धाकट्या बन्यामिनाला बरोबर नेल्यावाचून धान्य मिळणार नव्हते. म्हातारा याकोब त्याला सोडीना. थोरला रऊबेन म्हणाला की, बन्यामिनाला परत आणले नाही तर माझ्या दोन मुलांना मारा. याकोबाने ते ऐकले नाही. कसे ऐकेल? रऊबेनाने स्वतःचे काहीच पुढे केले नव्हते. दुसऱ्यांचे जीव तारण ठेवले होते, तेही आपल्या लेकरांचे. मग यहूदा पुढे झाला. तो म्हणाला की, मी स्वतः जामीन आहे, माझ्याकडून त्याला मागून घ्या. आणि मिसरात बन्यामिनावर चोरीचा आळ आला तेव्हा यहूदाने शब्द फिरवला नाही. त्याच्या ऐवजी मला गुलाम करून ठेवा, असे तो अधिकाऱ्याला म्हणाला.

दुसरा पौल. फिलेमोन नावाच्या गृहस्थाचा दास अनेसिम त्याला सोडून गेला होता. तो तुरुंगात असलेल्या पौलाला भेटला आणि विश्वासणारा झाला. पौलाने त्याला पत्र देऊन परत पाठवले. ते पत्र एकाच अध्यायाचे आहे, 25 ओव्यांचे. आज रात्री जेवणानंतर वाचून काढता येईल. त्यात पौल लिहितो की, याने तुझे काही देणे लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन. आणि हे तो मुद्दाम आपल्या हाताने लिहितो.

यहूदा आणि पौल यांनी सही करताना 'नुसती सही' म्हटले नाही. आपल्याला भरावे लागेल हे धरूनच ते बोलले. आणि जे भरायचे ते स्वतःचे होते. प्रभू येशूनेही दुसऱ्याचे देणे दुसऱ्याच्या घरातून भरले नाही. त्याने स्वतःला दिले, आणि किंमत आधी ठाऊक असताना दिले. 'येशू आमचा जामीन' म्हणून जो भलत्या कागदावर डोळे मिटून सही करतो तो येशूचे अनुकरण करीत नाही. तो रऊबेनाचे करतो. कारण कपात सुरू झाली की ती त्याच्या मुलांच्या ताटातून होते.

म्हणून आम्ही एक साधी कसोटी सांगतो. कागद समोर आला की स्वतःला विचारा : ही सगळी रक्कम मी आज या भावाला बक्षीस म्हणून देऊ शकेन का? घर न बुडता, मुलांचे शिक्षण न थांबता, देऊ शकेन का? आणि परत आली नाही तरी त्याच्याशी पूर्वीसारखा बोलेन का? उत्तर 'हो' असेल तर खुशाल सही करा. ते पुण्याचे काम आहे. उत्तर 'नाही' असेल तर सही करू नका. देवळातून निघालेला असो, पाळकसाहेबांची शिफारस असो, सख्खा मेहुणा असो.

या प्रश्नाचे उत्तर एकट्याने देऊ नये. कारभारणीला विचारावे. पुरुषांना यात कमीपणा वाटतो. आम्हाला त्या कमीपणाचे कारण कधी समजले नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांचे नाव मराठी ख्रिस्ती घरात कोणाला ठाऊक नाही? मोठे कवी, मोठ्या मनाचा माणूस. पण पैसा त्यांच्या हातात टिकत नसे. संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. लक्ष्मीबाई शाळेत शिकलेल्या नव्हत्या. लिहायवाचायला त्या घरीच शिकल्या, आणि पुढे 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक त्यांनी लिहिले. त्यात हे सारे हसत हसत सांगितले आहे. वाचताना आपणही हसतो. पण महिनाअखेरीला डबे कोण चाचपत होते ते हसताना विसरू नये.

आता कागदाविषयी. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर किंवा मोकळ्या जागा सोडलेल्या फॉर्मवर सही करायची नाही. "साहेब मागाहून भरतील" असे सांगतात. साहेबांनी आधी भरावे, आपण मागाहून सही करू. आकडा अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहिलेला आहे का ते पाहा. मुदत किती, व्याज किती, हप्ता चुकला तर दंड किती, ते वाचा. 'चालू जामीन' असा मजकूर असला तर विशेष जपा. तशा कागदात एकाच कर्जाची नव्हे तर पुढे वेळोवेळी दिल्या जाणाऱ्या रकमांचीही हमी येऊ शकते. कठीण शब्द आला तर थांबा. "कागद उद्या आणून देतो" म्हणावे आणि घरी न्यावा. घरी नेऊ देत नसतील तर त्यातच काय ते समजावे.

सही केलेल्या कागदाची प्रत मागून घ्या. हे संशयी माणसाचे लक्षण आहे असे कोणी म्हणेल. मग यिर्मया संदेष्टा संशयी होता म्हणावे लागेल! त्याने आपल्या चुलतभावाकडून अनाथोथ येथले शेत विकत घेतले. घरचाच व्यवहार. तरी 17 शेकेल रुपे ताजव्यात तोलून दिले. खरेदीखत लिहिले, साक्षीदार घातले, मोहर केली. एक प्रत बंद, एक उघडी. दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितल्या, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. यिर्मया पुस्तकाच्या 32 व्या अध्यायात हे सारे आहे. देवाच्या माणसाने नातलगाशीसुद्धा व्यवहार कसा करावा, तो इथे पाहायला मिळतो. आपल्याकडे मडक्याऐवजी पत्र्याची पेटी चालेल. उंदरापासून मात्र जपावे.

आजकाल सहीवाचूनही काम होते. मोबाइलवर सहा आकडे येतात. त्याला ओटीपी म्हणतात. कोणी फोन करून किंवा शेजारी बसून तो आकडा विचारतो. ऑनलाइन कामात तो आकडा सांगणे म्हणजे कागदावर अंगठा उठवणेच आहे. पूर्वी अंगठा निदान आपल्या हाताला असे. आता तो शब्दांनी दुसऱ्याला देता येतो. देऊ नये.

'नाही' कसे म्हणावे ही खरी अडचण. आपली माणसे भिडस्त. 'नाही' म्हणवत नाही म्हणून "बघू, पुढच्या आठवड्यात" असे सांगतात. त्या भावाचा आठवडा फुकट जातो, आणि शेवटी भिडेने सही होतेच. त्यापेक्षा त्याच वेळी, मान खाली न घालता सांगावे : "भाऊ, जामीन राहण्याइतकी माझी ऐपत नाही. पण तुमची अडचण काय आहे ती मला सांगा." पहिले वाक्य बोलून थांबले तर ते शहाणपण झाले. दुसरेही बोलावे लागते.

कारण अडचण ऐकली की पुष्कळदा वेगळा मार्ग दिसतो. अलीशा संदेष्ट्याकडे एक विधवा आली. नवऱ्याच्या कर्जापायी सावकार तिची दोन मुले दास करून न्यायला आला होता. अलीशाने तिला काय विचारले? तुझ्या घरात काय आहे? घरात तेलाचे एक भांडे होते. तिथून पुढे देवाने तिची सोय केली. तेल विकून तिने कर्ज फेडले आणि उरलेल्यावर मुलांसह निर्वाह केला. आपल्या हातून चमत्कार होत नाहीत. पण 'घरात काय आहे' हे विचारता येते. लग्नाला 500 पाने उठवायची आहेत, ती 100 वर आणता येतील का? बँडबाजा पाहिजेच का? दवाखान्याचा खर्च असेल तर सरकारी योजनेत तो आजार बसतो का, हे चौकशी करून सांगता येते. त्याच्याबरोबर एक दिवस मोडून बँकेत जाता येते. आणि आपल्याजवळ 2,000 रुपये मोकळे असतील तर ते त्याच्या हातात ठेवता येतात. उसने नाही. दिले म्हणून दिले. 2,000 रुपये देऊन विसरलेला भाऊ पुढच्या रविवारी शेजारी बसतो.

परवाना नसलेल्या सावकाराकडे तो निघाला असेल तर त्याला अडवावे. महाराष्ट्रात 2014 सालापासून सावकारीचा नवा कायदा लागू आहे. परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. अशा सावकाराविरुद्ध सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे लेखी तक्रार करता येते. तक्रार लिहिण्याइतके अक्षर आता आपल्याला येते.

ज्याला कर्ज हवे आहे त्यालाही दोन शब्द सांगायचे आहेत. बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभूने सांगितले आहे. भावाकडे सही मागायला जाताना हप्ता कशातून भरणार ते वहीत मांडून न्या, आणि वही त्याला दाखवा. हप्ता भरला की दर महिन्याला पावती दाखवा. हप्ता चुकणार असे दिसले तर संस्थेचे पत्र येण्याआधी आपण होऊन त्याला कळवा. जामीनदाराला बातमी टपालाने कळणे हा त्याचा अपमान आहे.

हा पाठ वाचणाऱ्यांत आधीच सही करून बसलेलेही असतील. त्यांच्यासाठी नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात सल्ला आहे. डोळ्याला डोळा लागू देऊ नको, आधी जा, गयावया कर, पारध्याच्या हातून हरिण सुटते तसा सूट, असा त्याचा भाव आहे. आजच्या भाषेत असे. कर्जाची रक्कम अजून हातात पडली नसेल तर लागलीच संस्थेला लेखी कळवा की मी जामीन राहत नाही, आणि पत्राची पोच घ्या. रक्कम दिली गेली असेल तर नुसत्या पत्राने सुटका नाही. संस्थेने दुसरा जामीनदार मान्य करून तुम्हाला मोकळे केल्याचे लिहून दिले पाहिजे. चालू जामीन असेल तर पुढच्या रकमांपुरती तो नोटीस देऊन थांबवता येतो, आधीच्या राहतात. यांपैकी काहीच जमण्यासारखे नसेल तर निदान खात्याचा उतारा काढून आणा. किती भरले, किती राहिले, हप्ते थकले आहेत काय, ते पाहा. एक-दोन हप्ते थकले असताना कर्जदाराला घेऊन संस्थेत गेले तर तोडगा निघू शकतो. वीस थकल्यावर कठीण.

आणि हे घरी सांगा. आजच सांगा. जमीन नावावर असेल तर हे अधिकच जरुरीचे. माणूस मेला म्हणून दिलेल्या कर्जाचे जामीनपत्र आपोआप मरत नाही. वारसांना स्वतःच्या कमाईतून भरावे लागत नसले तरी बापाकडून आलेल्या मालमत्तेपर्यंत ते देणे पोहोचते. मुलांना सातबाऱ्याबरोबर हेही मिळणार असेल तर ते त्यांनी तुमच्या तोंडून ऐकलेले बरे. कागद कुठल्या पेटीत आहे तेही त्यांना दाखवून ठेवा.